भांगाच्या पाण्यात बुडवलेला कॅमेरा

शनिवारी सकाळी करंजाड्याहून निघालो तेव्हा स्कूटरवर पुढे मी, मागे माझी भाची ऋतुजा आणि तिच्या मांडीवर गोड्या पाण्याची झाकणबंद बादली. बादली ही माझी कल्पना. पाण्यात चालणारा कॅमेरा पारखायचा तर निदान थोडं पाणी खात्रीचं, घरचं असावं. पहिल्या सिग्नलपर्यंत तिघांनी आमच्याकडे दूध मागितलं, त्यातल्या एकाने तर दूध तापवायला घरी गॅसही पेटवला होता.

ऋतुजा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, बार्शीची. मालवणात पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणणाऱ्या एका माणसाने तिला काम देऊ केलं होतं: तळाशी उतरलेल्या पाहुण्यांचे फोटो काढायचे. अट एकच. सोमवारी स्वतःचा कॅमेरा घेऊन हजर, नाहीतर जागा दुसऱ्याला. नवा कॅमेरा आवाक्याबाहेर होता, म्हणून मी वाशीत एक वापरलेला शोधून काढला होता आणि तो पारखायची जबाबदारी अंगावर घेतली होती. माझ्या हातून आजवर इतके फोन पाण्यात गेले आहेत की पनवेलच्या खाडीतले मासे एकमेकांना मिस्ड कॉल देतात. पाण्याचा एवढा अनुभव आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला नाही.

वाशीच्या दुकानात शेठने कॅमेरा काढून दिला. पिवळाधमक, अंगाने साबणाच्या मोठ्या वडीएवढा, कोपऱ्यांना रबर. शेठ म्हणाला, "पाण्यात चालतो, पडला तरी चालतो, बर्फात चालतो."

"वाशीत बर्फ कुठे मिळतो?" ऋतुजाने विचारलं.

"मासळीबाजारात," शेठ म्हणाला. "आठला शटर पडतं. तोवर काय हवं ते करा. आठनंतर तो तुमचा नाहीतर माझा." आणि माझं पॅनकार्ड त्याने गल्ल्यात ओलीस ठेवलं.

पहिली परीक्षा पडण्याची. ती घाऊक बाजारात घेतली, कारण तिथल्या फरशीने कलिंगडांचाही मुलाहिजा ठेवलेला नाही. मी हात वर करून कॅमेरा सोडला, उचलला, पुन्हा सोडला. डोक्यावर कांद्याचं पोतं घेतलेला एक माथाडी थांबला.

"काका, मोबाईल पडतोय तुमचा."

"पडत नाहीये, पाडतोय."

"घरी भांडण झालंय का?"

"कॅमेरा आहे तो. टेस्टिंग चाललंय."

"मग बाजूला होऊन टेस्टिंग करा. हे पोतं पडलं तर टेस्टिंगवाला राहणार नाही."

कॅमेऱ्याला एक ओरखडा आला, बाजाराच्या फरशीला मात्र तडा गेला. (तो आधीपासून होता असं ऋतुजाचं म्हणणं आहे.) उन्हात पडदा नीट दिसत नाही आणि बटणं अशी कडक की दाबताना अंगठ्याला दंड-बैठकांचं पुण्य लागतं, एवढे दोन दोष तिने बोलून दाखवले. बाकी तोपर्यंत ठीक.

दुपारी दिवाळे गावात पोचलो. बेलापूर खाडीच्या काठचा हा कोळीवाडा. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, जेटीला होड्या बांधलेल्या होत्या आणि सगळीकडे कमालीचा निवांतपणा. एका उपड्या क्रेटवर बसून बळाराम नाखवा जाळं सांधत होते. आम्हाला होडीतून खाडीच्या मधोमध जायचं होतं. मी त्यांच्याशी बोलणं काढलं.

"नाखवा, आज कामावर नाही?"

"भांग हाय ना," ते हसून म्हणाले. डोळे थोडे तांबडे होते.

"सकाळीच?"

"सकालीच म्हंजे? परवापासून हाय. अजून दोन दिस राहील."

मी ऋतुजाला एक पाऊल मागे घेतलं. "आणि घरचे काही बोलत नाहीत?"

"घरचे काय बोलतील? सगल्या गावाला हाय."

"बायकांनाही?"

"बायकांना काय वेगला असतो?"

"मग... चढते कधी?"

"दोन दिसांनी चढाला लागंल. पुनवेला या तुमी. जेटीवर पाय ठेवाला जागा नाय."

पौर्णिमेला अख्खं गाव तर्र होऊन जेटीवर लोळतंय, असं चित्र माझ्यापुढे उभं राहिलं. मी ऋतुजाच्या कानात सांगितलं की या माणसाच्या होडीत बसायचं नाही. शेठच्या मासळीबाजारातल्या बर्फावर भागवू. ती म्हणाली, "मामा, मालवणात मी बर्फात उतरणार आहे का?" आणि सरळ नाखव्यांच्या बायकोकडे, हिराबाईंकडे, चौकशी करायला गेली.

हिराबाई तव्यावरची भाकरी उलटायची विसरून हसत सुटल्या. "पियाची भांग नाय गो बाय. पान्याचा भांग. पानी मोठा चढत नाय, मोठा उतरत नाय, ते दिस. पान्याला ओढ नाय तर डोल लावून काय भेटंल?" (डोल म्हणजे खाडीत खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, वाहतं पाणीच त्यात मासळी लोटतं. पौर्णिमा-अमावास्येला येतं ते उधाण, अष्टमीच्या सुमाराचा तो भांग.)

मग सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी आणि माझी यथेच्छ चेष्टा असं जेवण झालं. येणारीजाणारी विचारत होती, "हेच का ते भांगवाले?" मी सहा भाकऱ्या खाल्ल्या. हिराबाई म्हणाल्या, "आता मातर वाटताव पिऊन आलेलं."

नाखव्यांचं म्हणणं असं की आजच्यासारखा दिवस शोधून मिळणार नाही. पाणी गप असल्यामुळे गाळ खाली बसतो आणि हातभर तरी दिसतं. होडी मधोमध नेऊन त्यांनी नांगर टाकला. पाणी साधारण दोन पुरुष खोल. कॅमेऱ्याला दोरी आणि शिशाचं वजन बांधून, व्हिडिओ चालू ठेवून, तो तळापर्यंत सोडायचा आणि वर काढून आत पाणी शिरलं का पाहायचं, असा बेत होता.

"गाठ मी मारू?" नाखव्यांनी विचारलं.

"राहू द्या. मी डोंगर चढलेला माणूस आहे. या गाठीला हत्ती लोंबकळला तरी सुटायची नाही."

दोरी खाली गेली. थोड्या वेळाने मी ओढली. दोरी फारच आनंदाने वर आली. तिच्या टोकाला काही नव्हतं.

ऋतुजाने दोरीचं टोक हातात घेऊन पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा उतरला होता. मी पाण्याकडे बघत राहिलो.

"काय बघताव?" नाखव्यांनी विचारलं.

"वर येईल आता."

"का येईल?"

"वॉटरप्रूफ आहे ना."

"मामा," ऋतुजा शांतपणे म्हणाली, "वॉटरप्रूफ म्हणजे त्याच्यात पाणी जात नाही. तो पाण्यात जातो."

नाखवे नांगराच्या दोराकडे बघत म्हणाले, "भांग हाय म्हून बरा. उधान असता तर उरनच्या वाटंला लागला असता. पडला तिथंच हाय."

ऋतुजाने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि मी नको म्हणायच्या आत नांगराचा दोर धरून खाली गेली. बार्शीला समुद्र नाही, पण तिच्या आजोबांच्या मळ्यात विहीर आहे, आणि ती विहीर तिने लहानपणापासून पायाखाली घातलेली आहे. वर आली तेव्हा हातात नुसता चिखल. दोन श्वास घेतले, पुन्हा खाली. पुन्हा चिखल आणि एक शिंपला. तिसऱ्या खेपेला इतका वेळ लागला की माझे सगळ्या देवांना नवस बोलून झाले आणि मी शेजारच्या गावांतल्या देवांकडे वळलो. मग पाण्यातून एक काळाकुट्ट हात वर आला. त्यात पिवळं काहीतरी होतं.

कॅमेरा उघडायची माझी घाई. तिने हात बाजूला केला. "आधी गोडं पाणी. चिखलाचा कण रबरात अडकला तर पुढच्या बुडीला पाणी आत जातं." बादली अशी कामाला आली. धुऊन, पुसून झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत. रबर धड, पडद्यावर धुकं नाही. व्हिडिओही पूर्ण निघाला: आधी माझं हत्तीवरचं वक्तव्य स्पष्ट आवाजात, मग तपकिरी पाणी, एक धक्का, मग कितीतरी वेळ नुसता अंधार, आणि शेवटी चिखल चाचपत आलेली पाच बोटं भिंगावर. अंधारात चित्र थोडं पुसट येतं, पण बोटं ओळखू येत होती.

"हे मालवणला पाठवते," ती म्हणाली. "कॅमेरा चालतो हे कळेल."

"हत्ती कापून पाठव."

तिने हत्तीसकट पाठवला.

वाशीला पोचलो तेव्हा शेठ शटरची काठी हातात घेऊन उभा होता. "काय, घेताय?" ऋतुजा हो म्हणणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. मालवणचा माणूस. तिने स्पीकर लावला.

"गो, त्या चिखलात हात कोणाचो?"

"माझा."

"कितीदा गेलंस खाली?"

"तीनदा."

"आणि तो हत्तीवालो कोण?"

"मामा."

"त्येका घरीच ठेव. तू उद्याच निघ. कॅमेरो हयलो, माझोच वापर."

ऋतुजाने फोन ठेवला. कॅमेरा नीट पुसून काउंटरवर ठेवला. शेठने माझं पॅनकार्ड दिलं आणि विचारलं, "खराब निघाला का?"

"नाही शेठ," ती म्हणाली, "चांगला आहे. फक्त त्याला तरंगणारा पट्टा लावून विका."

घरी बायकोने दार उघडून विचारलं, "कसा निघाला?"

"उत्तम. पडला, बुडला, चिखलात झोपला, काही झालं नाही."

"मग कुठाय?"

"दुकानात."

"मग दिवसभर पारखलंत काय?"

आतल्या खोलीत ऋतुजा बॅग भरत होती. मी त्या खोलीकडे बोट दाखवलं.