तळच्या थराचं पोचट

अंजनाबाईचं बियाणं गावात नावाजलेलं. धान मिठाच्या पाण्यात टाकायचं. तळाशी बसेल ते बी, तरंगेल ते पोचट, ते उकिरड्यावर. तीस वर्षं हीच रीत. म्हणूनच २००८च्या उन्हाळ्यात पुरातत्त्व संशोधक रंजिता मॅडम आमगावकडे बाघ नदीची दरड खोदायला आल्या, तेव्हा माती धुवायला त्यांनी तिलाच धरलं. हजारो वर्षांपूर्वी इथं रान होतं की शेती, हे त्यांना गाळात अडकलेल्या जळक्या बियांवरून शोधायचं होतं.

सगळ्यात खालच्या थराची मोठ्या मुश्किलीनं एक पिशवी निघाली. दुसऱ्याच दिवशी वरून धरणाचं पाणी सुटलं आणि थर बुडाला. "ही पिशवी बादलीत भिजवा, बी वेगळं काढा," एवढं सांगून मॅडम गोंदियाला गेल्या. एवढी शिकलेली बाई, पण सांगितलं अर्धंच! अंजनाबाईनं जीव ओतून माती धुतली. वरचं काळं उकिरड्यावर फेकलं, खालचे खडे फडक्यावर वाळत घातले.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "तरंगलेलं कुठाय? जळकं बी वरच येतं ना!"

 "आणतो," म्हणत अंजनाबाई घरामागं पळाली आणि उकिरड्यावरचं ओलं काळं वेचून बशीत घेऊन आली.

भिंगातून बघता बघता मॅडम ओरडल्याच, "बाई, धान! तळच्या थरात धान! म्हणजे इथली शेती किती जुनी!"

अंजनाबाईनं वाकून पाहिलं. बारीक दाणा, हल्लीचं एचएमटी वाण, तिच्याच घरचं. चुलीची राख ती रोज तिथंच टाकायची. गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? कामही टिकलं असतं. पण धानाबाबत खोटं तिला चालेना.

"मॅडम, हे माह्या चुलीतलं हाये. तुमचं तं म्या पोचट समजून फेकलं."

 मॅडमनी वहीत लिहिलं : तळचा थर, नमुना गेला. दुसऱ्या दिवशी कामाचा निरोप आला नाही. अंजनाबाई आठवडाभर स्वतःलाच शिव्या देत होती.

पुढच्या मे महिन्यात जीप दारात थांबली. "बाई, पाणी उतरलंय. चला."

या खेपेला तिनं वर आलेला कणन् कण फडक्यात धरला. भिंगाखाली एक जळका दाणा दिसला, टोकाला कुसळाचं जाड बूड.

"हे देवधान हाये. तळ्यात आपोआप उगवते, कोणी पेरत नाही याले."

नक्की का, असं मॅडमनी विचारलंसुद्धा नाही. ती बोलली तसं लिहून घेतलं : तळचा थर, देवधान, पेरलेलं नाही.