पुढाऱ्याच्या कपाळावरचं अष्टगंध

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या, रविवार. अठरा हजार डॉलरना ठरलेलं एक तैलचित्र अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या आमच्या घरात, डायनिंग टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवलं होतं. घरात सासूबाई, माझी मुलगी आणि मी.

चित्र शेजारच्या बाईंचं. ऐंशी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. घर विकून त्या सीनियर होममध्ये जाणार होत्या. सामान हलवताना धक्का लागू नये म्हणून चित्र आमच्याकडे आलं. त्यात अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली त्या काळातला एक पुढारी होता: गडद कोट, गळ्याशी पांढरी झालर, हातात घडी केलेला कागद. बाईंच्या आईकडचा तो पूर्वज. तेव्हाच्या एका नावाजलेल्या चित्रकाराने त्याला समोर बसवून रंगवलं, असं घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते. त्यावर भरवसा ठेवूनच एका संग्राहकाने किंमत कबूल केली होती. त्या पैशांतून बाईंना स्वतंत्र खोली मिळणार होती. नाहीतर एका खोलीत दोघी.

नागपूरहून आलेल्या सासूबाईंना मी एवढंच सांगितलं होतं, की हे शेजारणीचे पूर्वज. त्या दिवशी धुतलेले कपडे घेऊन मी खाली आले, तर पुढाऱ्याचा चेहरा ओल्या फडक्याने पुसलेला, कपाळावर अष्टगंध, समोर वाटीत खीर.

"आज्जी, ही इज नॉट इव्हन अवर पितर!" मुलगी ओरडत होती.

"मग काय झालं? अमावास्येला घरात आलेल्या म्हाताऱ्याला उपाशी ठेवू?" सासूबाई म्हणाल्या. "अन् तोंडावर धूळ केवढी होती. कोणी हातच लावला नव्हता बिचाऱ्याला."

मी टिशूने टिपायला गेले. केशरी रंग कपाळावरच्या बारीक भेगांत आणखी उतरला. पुसलेल्या जागी वार्निश दुधाळ झालं होतं.

संध्याकाळी बाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून जवळून पाहिलं आणि हसल्या. "माझ्या आईने याला जन्मभर जिन्यात टांगलं. खीर कुणी विचारली नाही."

ते मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. "मग यांनाही वाढ ना," त्या म्हणाल्या. बाईंनी दोन वाट्या खाल्ल्या.

चित्र मी जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे नेलं. डाग काढायचा तर जुनं वार्निश काढावं लागणार होतं. ते काढल्यावर त्यांनी बाईंना आणि मला बोलावलं.

"डाग गेला," ते म्हणाले. "पण कोटाला अगदी खालच्या थरापर्यंत जो निळा रंग वापरलाय, तो या चित्रकाराच्या हयातीत मिळतच नव्हता. ही नंतर कुणीतरी केलेली नक्कल आहे. चांगली आहे."

"चेहरा तरी त्याचाच आहे ना?" बाईंनी विचारलं.

"मूळ चित्रात होता तसा असेल."

घरी येऊन बाईंनी स्वतः संग्राहकाला फोन केला. त्याने नम्रपणे सौदा मोडला.

खोलीच्या भाड्यातला फरक निदान वर्षभर आम्ही देऊ, असं मी म्हटलं. आकडा काढूनच गेले होते. बाईंनी मान हलवली. "तुझ्या सासूने माझं काही नेलं नाही. नक्कल आमच्याच घरात होती."

त्यांचं खरं आहे. तरी डाग पडला नसता तर ते वार्निश कुणी काढलं नसतं, हे डोक्यातून जात नाही. संग्राहक फसला असता, बाईंना खोली मिळाली असती आणि घरातली पूर्वजाची गोष्टही खरीच राहिली असती. यातलं कशाचं वाईट वाटून घ्यावं, मला ठरवता येत नाही. वाईट मात्र वाटतं. सासूबाई नागपूरहून फोनवर विचारतात, "त्यांना खोली मिळाली का गं?" मी हो म्हणते. खोलीत दुसरी कोणी आहे, हे सांगत नाही.

दुरुस्तीचे बाराशे चाळीस डॉलर मी त्या गृहस्थांना दिले. बाईंनी माझ्याकडून काहीच घेतलं नाही.