सैफुद्दीनचा मागं पडलेला तास

मंगरूळपीरच्या मोटर-अड्ड्यासमोर सैफुद्दीन घडीसाजाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खिडकी, एक स्टूल आणि भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ. त्या घड्याळाचा त्याला भारी गर्व. तहसिलीत टोल पडले की तो वर बघायचा आणि शांतपणे सांगायचा, कचेरी दोन मिनिटं मागं आहे. सरकार मागं असू शकतं, सैफुद्दीन नाही.

बेचाळीसच्या सप्टेंबरात लढाईपायी सरकारनं देशभरची घड्याळं तासभर पुढं केली. सैफुद्दीननं ऐकलं आणि काट्याला हात लावला नाही. म्हणे, मी घड्याळं दुरुस्त करतो, त्यांना खोटं बोलायला शिकवत नाही. गावानं कौतुकानं मान डोलावली आणि घरी जाऊन आपापली घड्याळं पुढं केली.

दहाव्या दिवशी त्याची बायको सुगराबी बाळंतपणात अडली. अमीनाबी सुईण पहाटे म्हणाली की आता अकोल्याच्या दवाखान्याशिवाय इलाज नाही. अकोल्याची मोटर सकाळी सहाची, तीही दिवसाआड. सैफुद्दीननं भिंतीकडं पाहिलं, वेळ भरपूर होता. त्यानं सुगराबीला निळ्या गोधडीत गुंडाळलं, शेजाऱ्याच्या बैलगाडीत घातलं आणि पावणेसहाला तो अड्ड्यावर हजर झाला. मोटर सरकारी सहाला निघून गेली होती, तिला पाऊण तास झाला होता. सुगराबी अड्ड्याच्या बाकावर गेली, पोटातल्या जीवासकट. दफन करून आल्यावर सैफुद्दीननं पहिलं काम केलं ते भिंतीवरचा काटा तासभर पुढं सारण्याचं. लोकांनी तेही पाहिलं. काहीजण हसले.

दोन वर्षं तो कोणाशी धड बोलला नाही. गावाला हे फार जड गेलं, कारण बोलणारा माणूस चिडवायला बरा असतो. ही अडचण जगदेव मास्तरांनी सोडवली. मास्तर शाळेत गणित शिकवत, आणि मासिकं वाचून आलेलं अजीर्ण लोकांच्या ओट्यावर उतरवत. एका दुपारी ते दुकानात सतरंजी टाकून टेकले आणि सांगू लागले, की विलायतेकडच्या शास्त्रज्ञांनी नवीनच काढलंय. वेळ सगळीकडं सारखा चालत नाही. धावत्या माणसाचं घड्याळ बसल्या माणसाच्या घड्याळापेक्षा हळू चालतं. घड्याळच नव्हे, त्याचा वेळच हळू. त्यासाठी उजेडाच्या वेगानं धावावं लागतं, एवढं मात्र मास्तर सांगायचे राहिले.

मग त्यांनी खालची सतरंजी दुमडली. "हे पाह्य सैफूभाई. हे टोक म्हंजे आज, अन् ते टोक म्हंजे तुयी चुकलेली मोटर. दूर दिसते ना? दुमडली का लागलं एकमेकाले. मधात फक्त एका तासाची जाडी हाये."

सैफुद्दीननं सतरंजीची घडी दोन बोटांत धरून पाहिली. मग त्यानं हळूच विचारलं, "तेवढा तास कोनी मांगं पडला तं?"

"तं तो त्या मोटरीच्या येळेले पोचते," मास्तर म्हणाले, आणि घरी जाईपर्यंत त्यांना हसू आवरेना.

सैफुद्दीननं एक खिशातलं घड्याळ निवडलं, आठ दिवस भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. सेकंदाचा फरक नाही. मग ते त्यानं मोटरीचा ड्रायव्हर गुलाबसिंग याच्या हाती दिलं: अकोल्याला नेऊन आण, चावी दे, बाकी हात लावू नको. लढाईत पेट्रोल कुठलं, मोटर कोळशावर चालायची, चढावर उतारूंना उतरून ढकलावी लागायची. अशा वाहनातून वेळेला मागं टाकायला निघालेला सैफुद्दीन हा जगातला पहिलाच.

घड्याळ परत आलं ते अर्धं मिनिट मागं पडून. मास्तरांनी गुलाबसिंगाला तसंच सांगितलं होतं.

सैफुद्दीननं घड्याळ उघडलं, चाकं पुसली, स्प्रिंग तपासली, आठवडाभर दुकानात ठेवलं. बिनचूक. मोटरीत दिलं, पुन्हा अर्धं मिनिट मागं. दुसरा कोणी असता तर त्याला ड्रायव्हरचा संशय आला असता. पण सैफुद्दीन कारागीर होता. माझ्या हातून घड्याळात खोट राहिलेली नाही, मग खोट वेळातच आहे, असा त्यानं हिशोब लावला. पुढं वर्षभर दर खेपेला अर्धं मिनिट, आणि मागं पडलेला काटा तो पुन्हा जुळवत नव्हता. सैफुद्दीन खिडकीच्या चौकटीवर रेघा मारायचा, आणि अड्ड्यावरची माणसं मोटर आली की त्याचं तोंड बघायला जमायची.

पंचेचाळीसच्या ऑक्टोबरात लढाई संपली होती. सरकारनं जाहीर केलं की पंधरा तारखेपासून तो तास परत, घड्याळं पुन्हा मागं. त्याच आठवड्यात सैफुद्दीनच्या एकशेवीस रेघा भरल्या, म्हणजे पुरा तास. मास्तरांना आपल्या नशिबावर विश्वास बसेना. त्यांनी अख्ख्या अड्ड्याला सांगून ठेवलं.

पंधराच्या पहाटे सैफुद्दीननं ते मागं पडलेलं घड्याळ खिशात टाकलं आणि पावणेसहाला अड्ड्यावर आला. अंगात निकाहचा कोट होता. दोन्ही हातांवर निळी गोधडी होती, आत काही नव्हतं, पण तो ती तशीच धरून चालत होता, डोक्याकडची बाजू जरा उंच करून. बाकावर बसलेली माणसं हसली. मास्तर सगळ्यात मोठ्यानं हसले.

"गुलाबसिंग," तो म्हणाला, "पुढची जागा दे भाऊ. तिले हिसका सोसत नाही."

गुलाबसिंगानं त्या गोधडीकडं पाहिलं. काटे मागं करणारा हात त्याचाच होता. त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं मोटर सुरू केली आणि दहा मिनिटं आधीच अड्डा सोडला. सैफुद्दीन गोधडी सांभाळत जेवढं धावता येईल तेवढं धावला. धूळ खाली बसली तेव्हा तो रस्त्यात उभा होता.

त्यानं एका हातानं घड्याळ काढलं. सहाला दहा कमी होते. सुगराबीला बाकावर हलकेच ठेवून तो तिच्याशेजारी बसला आणि बोटांवर मोजू लागला.

"दहा मिनिटं कमी पडले मास्तर," तो म्हणाला. "म्हंजे अजून वीस खेपा."

पुढच्या खेपेला त्यानं घड्याळ पुन्हा गुलाबसिंगाच्या हाती दिलं. मास्तरांना तोवर कंटाळा आला होता, त्यांनी नवीन गिऱ्हाईक धरलं होतं. गुलाबसिंगाला आता कोणी काही सांगत नव्हतं. तरी अकोल्याहून परतताना, गाव दिसायच्या आधी, तो मोटर कडेला लावायचा आणि काटा अर्धं मिनिट मागं घ्यायचा.