दोरीचा रविवार

आमच्या घरासमोरचा रस्ता कुणाचा, हे कुणालाच माहीत नाही. कोर्टालाही अजून नाही.

मुलुंड पूर्वेला एका जमीनमालकाने फार पूर्वी आपल्या जागेचे आठ तुकडे पाडून विकले आणि ज्याला त्याला आपापल्या तुकड्यापर्यंत पोचता यावं म्हणून मधे एक पट्टी सोडली. तो मालक वारला, त्याची मुलंबाळं कुठे पांगली कळलं नाही. पट्टी तेवढी राहिली. तिच्यावर महापालिकेने डांबर टाकलं, दिवे लावले. आता आम्ही आठ बिल्डिंगवाले म्हणतो, रस्ता आमचा, खाजगी. मागच्या चाळीच्या जागी उभा राहिलेला टॉवर म्हणतो, रस्ता सगळ्यांचा. महापालिका म्हणते, तपासून सांगतो.

खरं सांगायचं तर आमचंही मत हवेसारखं फिरतं. खड्डा पडला की आम्ही वॉर्ड ऑफिसात जाऊन सांगतो, रस्ता तुमचा, बुजवा. बाहेरच्या गाड्या आत शिरल्या की त्यांना सांगतो, रस्ता आमचा, मागे घ्या. दोन्ही पत्रांवर सही माझ्या नवऱ्याची असायची, कारण आठ बिल्डिंगांच्या मंडळाचा तो सेक्रेटरी. हे पद त्याला कुणी दिलेलं नव्हतं. बाकीचे मीटिंगला येत नसत, एवढंच.

त्याला कुणा वकिलाने सांगितलं होतं की खाजगी रस्ता खाजगी ठेवायचा असेल तर वर्षातून एक दिवस तो बंद करावा. येणाऱ्याने विचारावं, आपण ‘जा’ म्हणावं. विचारून गेलेला माणूस हक्काने गेला असं पुढे कुणाला म्हणता येत नाही. झालं. डिसेंबरातला पहिला रविवार आमच्याकडे दोरीचा रविवार ठरला. नवरा सकाळीच रस्त्याच्या तोंडाशी आडवी दोरी बांधायचा, ‘खाजगी रस्ता, विचारून जावे’ असा बोर्ड अडकवायचा, मागच्या भिंतीतल्या, चाळीकडे जाणाऱ्या छोट्या फाटकाला कुलूप घालायचा (विचारेल त्याला उघडून द्यायचा) आणि प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचा. बाजूला थर्मास. ‘जाऊ का?’ ‘जा की. पण चहा घेऊन जा.’ वर्षभरात आमच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त गर्दी व्हायची ती रस्ता बंद असलेल्या दिवशी. मी भाजी घेऊन आले की मलाही अडवायचा. “विचारल्याशिवाय नाही सोडणार.” मी म्हणायचे, “बाजूला व्हा, मेथी सुकतेय.”

एकच बाई कधी विचारायची नाही. मागच्या चाळीतली काकी. मालवणकडची, नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर एकटीने दोन मुलं वाढवलेली. ती रोज संध्याकाळी मागच्या फाटकातून निघून आमच्या रस्त्याने बाजाराकडे जायची, देवळात टेकायची आणि दही घेऊन त्याच वाटेने परत. दोरीच्या रविवारी मात्र ठिणग्या.

“काकी, विचारा की. एक शब्द फक्त.”

“हो रस्तो काय तुझ्या सासऱ्यान बांधल्यान?”

“सासऱ्याने नाही हो. वडलांनी प्लॉट घेतला तेव्हा—”

“मगे तुझ्या बापाशीकच इचारतंय, वर गेल्यार.”

आणि ती मेन रोडने नाल्यावरून पूर्ण वळसा घालून घरी जायची. तेव्हाही तिचा गुडघा काही बरा नव्हता. नवरा रात्री जेवताना म्हणायचा, “ही बाई सुप्रीम कोर्टात जाईल, पण विचारणार नाही.” बोलण्यात राग नसायचा, कौतुकच जास्त.

नवरा गेला त्याला आता काही वर्षं झाली. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले, मुलगी बंगळुरूला परतली. त्या संध्याकाळी मी तळमजल्याच्या खिडकीशी नुसती बसले होते. काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून दिवासुद्धा लावला नव्हता. बाहेर चपला थांबल्या.

“काय गो बाय, च्या ठेवलंस?”

नव्हता ठेवला. ठेवला. खिडकीच्या ग्रिलमधून कपबशी जाईना. कप तिरका करून पाहिला, अर्धा चहा तुळशीच्या कुंडीत. “गलासातून दी,” काकी म्हणाली. तेव्हापासून रोज स्टीलचा ग्लास. तिने आत यावं असं मी चारदा म्हटलं असेल. ती नाही आली. तिला उभ्याउभ्याच बोलायला आवडायचं आणि मला, कुणी सांगावं, बहुधा तेवढंच झेपत होतं. दिवसभरात मी तोंडाने जे काही बोलायचे ते त्या पंधरावीस मिनिटांत. बाकी मुलीचा फोन. तो मीटिंग आणि मीटिंगच्या मधे येतो, त्यामुळे त्यात मी ‘हो, जेवले’ एवढंच म्हणते. कधी न जेवताही.

मग चाळीचा टॉवर झाला, काकी अकराव्या मजल्यावर गेली आणि टॉवरवाल्यांनी केस टाकली. आमच्या वकिलांनी साक्षीला माझं नाव दिलं. दोरी बांधणाऱ्याची बायको, सगळं डोळ्यांनी पाहिलेली. टॉवरच्या वकिलांनी नाव दिलं काकीचं. चाळीस वर्षं या रस्त्याने जातेय, कुणाला एकदाही न विचारता. त्यांना याहून चांगला साक्षीदार मिळालाच नसता.

आमचे वकील फोनवर म्हणाले, “मॅडम, त्या बाईंशी केसबद्दल काही बोलू नका. खरं तर साक्ष होईपर्यंत बोलूच नका. समोरचे उद्या काहीही म्हणतील.”

“आम्ही दह्याबद्दल बोलतो हो.”

“दह्याबद्दलही नको.”

तिकडे तिलाही असंच काही सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी काकी खिडकीवरून गेली ती शाळेच्या रांगेतल्या मुलीसारखी, नजर समोर. मी ग्लास भरून ठेवला होता. मीच प्यायले. साक्षीची तारीख पडली, पुढे गेली, परत पुढे गेली. मधे एकदा ती खिडकीपाशी आल्यावर खोकली. मी आतून पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवलं. खोकल्याला आणि झाकणाला कुठलं कोर्ट साक्ष म्हणणार? तेवढ्यावर आमचं भागत होतं. भागत नव्हतं, पण चाललं होतं.

आणि मला हेही दिसत होतं की आमची बाजू जिंकली तर ते मागचं फाटक कायमचं चिणून टाकणार आहेत. मंडळाचं ठरलंय तसं. मग खोकलाही नाही. रस्ता आमचाच राहावा असं नवऱ्याला मनापासून वाटायचं. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारायच्या फंदात पडले नव्हते.

यंदाच्या दोरीच्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, तुम्हीच बसा. केस चालू आहे, खंड पडता कामा नये.” नवऱ्यानंतर दरवर्षी तेच बसायचे, यंदा ते कर्जतला लग्नाला गेले. मी दोरी काढली, बोर्ड पुसला. पूर्वी दोरी दिव्याच्या खांबाला बांधायचो, पण समोरच्या वकिलाने कोर्टात विचारलं होतं, “आणि तो खांब कुणाचा?” म्हणून यंदा झाडाला बांधली. झाड तोडायलाही महापालिकेचीच परवानगी लागते हे मला गाठ मारून झाल्यावर आठवलं. राहू दिली.

मागच्या फाटकाला कुलूप घालून मी खुर्चीत बसले. तिचा एक पाय आखूड आहे, नवरा कसा बसायचा देव जाणे. पहिला डिलिव्हरीवाला बाईक वाकडी करून दोरीखालून घुसला. मी ओरडले, “अरे, विचारून जा!” तो म्हणाला, “मॅप में सीधा दिखा रहा है आंटी,” आणि गेला. बाकीचेही तसेच. आमची सोडून सगळ्या बिल्डिंगा नव्या झाल्यात, त्यांतले लोक गाडीतून येतात आणि गाडीतूनच खाली पार्किंगमध्ये उतरतात. एकाने माझ्यावर हॉर्न वाजवला. काच खाली करून म्हणाला, “मॅडम, हे काय चाललंय? मी इथला फ्लॅट ओनर आहे.” म्हणजे आमच्याच बाजूचा माणूस. मी दोरी सोडली, गाडी गेली, दोरी पुन्हा बांधली. थर्मास दुपारपर्यंत भरलेलाच. मुलीचा फोन आला.

“आई, तू एकटी रस्ता अडवून बसलीयेस?”

“अडवून कसली. बसलेय फक्त.”

“बाबांचं ठीक होतं गं. तुला काय गरज?”

मी म्हटलं, हो, जेवले.

संध्याकाळी काकी मेन रोडवरून येताना दिसली. हातात दह्याची पिशवी. दरवर्षी या दिवशी ती रस्त्याच्या तोंडावरून ताठ मानेने पुढे निघून जायची. यंदा दोरीपाशी थांबली. एक हात गुडघ्यावर. तिने दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंड उघडलं.

ती आता विचारणार. गुडघ्यापायी ती तो एक शब्द बोलणार, तिची सगळी साक्ष मातीत जाणार आणि तो शब्द ऐकायला खुर्चीत मी. मी खुर्चीतून अशी उठले की खुर्चीच पडली.

“काकी, थांबा.” दोरीखालून वाकून मी तिच्या बाजूला गेले. पाठीत लचक भरली, ती वेगळीच. पिशवी तिच्या हातातून घेतली. “चला, लांबून जाऊ.”

“दोरी कोण बघतलो?”

“दोरी कुठे पळून जातेय?”

“तुझो वकील ओरडतलो.”

“हा रस्ता तरी नक्की महापालिकेचा आहे. इथे बोललेलं चालतं.”

“कोणी सांगल्यान?”

“मीच सांगते.”

ती हसली. आम्ही निघालो. फुटपाथ खणलेला, पेव्हर ब्लॉकचे ढीग, नाल्यावर नेहमीचा वास. दोनदा बंद दुकानांच्या पायरीवर टेकलो. मग ती लिफ्टबद्दल बोलली, अकराव्या मजल्यावर कावळा येत नाही म्हणाली. मी खुर्चीच्या आखूड पायाबद्दल सांगितलं.

“घोव तुझो चांगलो होतो,” काकी एकदम म्हणाली. “कधी रागान बोललो नाय माका. नुसतो इचारा, इचारा.” मग म्हणाली, “एकदा इचारूक व्हयां होतां माका. खूश झालो असतो.”

मी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. त्याच्याबद्दल माझ्याशी कुणी बोललं त्याला किती दिवस झाले होते, ते मला तेव्हा कळलं.

टॉवरच्या दारात ती म्हणाली, “येतंस वर?”

“वकील,” मी म्हटलं.

“मेलो तो,” ती म्हणाली, पिशवी घेतली आणि लिफ्टकडे गेली.

मागचं फाटक समोर दिसत होतं. त्याला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या घरात खुंटीला. सकाळी मीच लावलेलं कुलूप. म्हणून मग नाल्यावरून, ब्लॉकच्या ढिगांवरून, एकटीच, सगळा वळसा परत.

दोरी जागेवर होती. खुर्चीत मात्र एक वॉचमन बसला होता, कोपऱ्यावरच्या बिल्डिंगचा, पाळी बदलून नुकताच आलेला. मी दोरी उचलायला गेले तर म्हणाला, “मॅडम, रस्ता आज बंद आहे. बोर्ड वाचा.”

“मी इथेच राहते.”

“सगळे तेच बोलतात.”

“मग विचारायचं कुणाला?”

“मी बसलोय ना.”

दिव्याखाली तो बोर्ड, ती खुर्ची, बाजूला माझा थर्मास. माझी मेथीही सुकत नव्हती आज. मी विचारलं, “जाऊ का?”

“जा,” तो म्हणाला, आणि उठून दोरी माझ्यासाठी वर धरली.

चार दिवसांनी वकिलांचा फोन आला. “मॅडम, यंदा कुणी परवानगी मागून गेलं का? एक जण तरी?”

“गेली. एक बाई.”

“छान! बाहेरची होती ना? आतली असेल तर काही उपयोग नाही.”

“आतलीच.”

“मग राहू द्या,” ते म्हणाले, आणि पुढच्या तारखेबद्दल काही सांगू लागले. बाहेर चपला वाजल्या, खिडकीपाशी मंदावल्या. कुणीतरी खोकलं. मी फोन कानाला तसाच धरून ओट्याशी गेले आणि पातेल्यावर झाकण आपटलं.