निकाल सांगू नगा

सोमवारी सकाळी नाना फिरायला निघाले की मफलर दोन्ही कानांवरून घट्ट गुंडाळलेला असायचा आणि उजवा हात रहदारीच्या पोलिसासारखा पुढे धरलेला. समोरून कुणीही येवो, ओळखीचं असो नसो, हात वर जायचा. "निकाल सांगू नगा." मला त्यांनी पहिल्यांदा असं अडवलं तेव्हा परदेशात, वेरिबी नावाच्या या उपनगरात राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. मी कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर आणत होते, आणि गल्लीत मराठी माणूस दिसलं म्हणून मोठ्या आनंदाने तोंड उघडलं होतं. "कसला निकाल?" मी विचारलं. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "ठाऊक न्हाई न्हवं? मग झ्याक. आता बोला." मी पुण्याची आहे हे कळल्यावर म्हणाले, "तरीच." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पुण्याच्या बाई' झाले. माझं नाव त्यांनी कधी विचारलंसुद्धा नाही.

निकाल म्हणजे इटलीतल्या फुटबॉलचा. तिथली सगळ्यात वरची साखळी, सेरी आ, तिच्या मॅचेस इथल्या घड्याळाने भलत्याच वेळी होतात. म्हणून नाना रेकॉर्ड करून त्या सोमवारी सकाळी बघायचे, आणि तोवर जगाने तोंड बंद ठेवावं अशी त्यांची साधी अपेक्षा होती. घरात रविवारी संध्याकाळपासून कुणी फोनवर बातम्या बघायच्या नाहीत. स्वतःचा फोन ते बिस्किटांच्या डब्यात ठेवून झाकण लावायचे. मुलगा अभिजित म्हणायचा, "नाना, डब्यात ठेवल्याने फोनला बातम्या येत नाहीत का?" नाना म्हणायचे, "येऊ द्यात की. त्याला येऊ द्यात. मला नगंत."

माणूस कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे त्यांच्या लेखी पेठेची अब्रू. तरुणपणी तालमीच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळलेले, आणि गुडघ्यावरची एक जुनी खूण भाग्यवंताने दागिना दाखवावा तशी दाखवायचे. बायको गेल्यावर अभिजितने त्यांना इकडे आणलं. अभिजित आयटीत, दिवसभर सिटीत. सून क्लारा इथेच जन्मलेली, इटालियन, शाळेत शिकवते. नाना घरात एकटे. "इथली दुपार संपतच न्हाई हो," ते मला एकदा म्हणाले होते. "कोल्हापुरात दुपार झाली म्हणता म्हणता दिवेलागण. हितं आपली पसरलीय तर पसरलीय." पहिली दोन वर्षं त्यांनी तशीच काढली, खिडकीशी बसून. ते मी पाहिलं नाही, क्लाराने सांगितलं.

मग क्लाराच्या वडिलांच्या गावची टीम वर आली. वडील म्हणजे रोक्को, नानांचे व्याही. वेरिबी साउथला त्यांचं शेत, फ्लॉवर आणि ब्रोकोलीचं. एकोणिसाव्या वर्षी इटलीच्या दक्षिणेतलं समुद्राकाठचं छोटं गाव सोडून आलेला हा माणूस, आणि त्या गावची हिरव्या जर्सीची टीम त्याच्या हयातीत पहिल्यांदा सेरी आमध्ये खेळणार होती. एकट्याने कसं बघायचं? क्लाराने सहज सुचवलं की नानांना बोलवा. त्या सोमवारपासून नानांना सोमवार मिळाला.

मी वर्क फ्रॉम होमवाली, त्यामुळे त्यांना शेतावर सोडायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे यायचं. एक-दोनदा मीही थांबले. भाजी पॅक करायची पत्र्याची शेड, एका बाजूला क्रेट रचलेले, मध्ये टीव्ही आणि दोन खुर्च्या. रोक्को छोट्या किटलीत कडक काळी कॉफी करायचे, नाना घरून डबाभर भडंग आणायचे. दोघांना मिळून पन्नास इंग्रजी शब्द येत असतील. नाना त्यांना "पाव्हणं" म्हणायचे आणि चक्क कोल्हापुरीत बोलायचे, रोक्को त्यांच्या गावच्या भाषेत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं व्यवस्थित भांडण व्हायचं. "पाव्हणं, तुमचा त्यो राइट बॅक झोपलाय बघा. उठवा त्याला." रोक्को छातीवर हात मारून काहीतरी सांगायचे. "तेच म्हन्तोय मी," नाना म्हणायचे. बॉल गोलजवळ गेला की नाना खुर्चीतून अर्धे उठून, दात आवळून म्हणायचे, "मार की." रोक्कोंनाही ते इतकं आवडलं की तेही "मार की" म्हणायला लागले. ब्रोकोलीचा ट्रक रिव्हर्स घेणाऱ्या ड्रायव्हरलासुद्धा म्हणायचे.

टीम बेताचीच होती. जिंकायची क्वचित, हरायची बरेचदा, बरोबरी झाली की शेडमध्ये दिवाळी. सीझन संपताना तळाच्या तीन टीम खालच्या साखळीत ढकलल्या जातात, आणि हे हिरवे तिथेच घुटमळत होते. मी शहाणपणा करून म्हटलं, "खाली गेले तर जातील. पुढे येतील परत वर." नानांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. असा राग मी त्यांचा पहिल्यांदा पाहिला. "येतील की. पर तवर आम्ही असाय पायजे न्हवं? ह्या गड्यानं उभी हयात वाट बघितलीया. आता टिकायचं. जिंकायचं मागनं बघू." रोक्कोंना शब्द कळले नसतील, पण त्यांनी मान हलवली.

मार्चमध्ये नानांच्या छातीत दुखलं आणि थेट बायपास. दवाखान्यातून त्यांनी अभिजितला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की सगळ्या मॅचेस रेकॉर्ड कर, आणि पाव्हण्यांना सांग, मी आल्याबिगर बघायच्या न्हाईत. ऑपरेशननंतर रोक्को स्वतः भेटायला आले. मी तिथे होते. हातात शेतातल्या आर्टिचोक नावाच्या भाजीची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांनी बोट आधी स्वतःच्या डोळ्याकडे नेलं आणि मग ते नाही म्हणून हलवलं. "नो लुक. वी लुक टुगेदर." नाना म्हणाले, "शब्द हाय बरं का, पाव्हणं." आणि त्यांनी नळ्या लावलेला हात पुढे केला.

पुढच्या पंधरवड्यात रोक्को गेले. फ्लॉवरच्या दोन सऱ्यांच्या मध्ये पडलेले सापडले. हार्ट.

त्या वेळी नानांची जखम भरत नव्हती, त्यात न्यूमोनिया झाला. ताण पडता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलेलं. अभिजितने ठरवलं की सांगायचं नाही. आपल्याकडे असंच करतात. आजारी माणसापासून मयताची बातमी लांब ठेवायची, हिंडूफिरू लागला की हळूच कानावर घालायची. माझ्या आजोळीही असंच व्हायचं, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. वाटलं ते क्लाराला. तिच्याकडे माणूस गेला की साऱ्या गोताला त्याच दिवशी कळतं, सगळे येऊन बसतात, रडतात, जेवतात. ती अभिजितला म्हणाली, "ही वॉज हिज फ्रेंड. त्यांना राइट आहे." अभिजित म्हणाला, "बरे होऊ देत, मग मीच सांगतो." बापाला मातीत ठेवून आलेली ती पोरगी दुसऱ्या दिवशी पिवळा टॉप घालून सासऱ्याच्या पलंगाशी हसत उभी राहिली. मला ते बघवेना. मी पाण्याचा जग भरायच्या निमित्ताने बाहेर गेले.

नाना विचारायचे, "पाव्हणं कसं येत न्हाईत?" अभिजित सांगायचा, सर्दी झालीय, इकडे आजारी माणसाला आत सोडत नाहीत. पुढच्या खेपेला सांगायचा, काढणी चाललीय. नानांची काळजी वेगळीच. "चोरून बघत न्हाईत न्हवं एकटं?" अभिजितने क्लाराकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही नाना. ही इज वेटिंग." नाना समाधानाने म्हणाले, "शब्दाचा पक्का गडी हाय." न्यूमोनिया, मग रिहॅब, असं करत मे संपत आला. सीझनही संपला. नाना अजूनही आल्यागेल्याला हात वर करून अडवत होते, त्यांच्यापासून आता दोन निकाल झाकलेले होते, आणि त्यातला एकच झाकलाय हे नानांना ठाऊक होतं.

नाना घरी आल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी अभिजितला ऑफिसला जावं लागलं. संध्याकाळी सांगतो म्हणून गेला. नानांकडे लक्ष ठेव, म्हणाला. दहाच्या आधीच नाना माझ्या दारात. कपडे अंगावर ढगळ झालेले, पण मफलर कानांवर आणि बगलेत भडंगाचा डबा. "चला पुण्याच्या बाई. लई मॅचेस साठल्यात." मी आत जाऊन क्लाराला शाळेत फोन केला. ती म्हणाली, "घेऊन ये त्यांना. आय विल टेल हिम."

वाटेत नाना रस्ताभर बोलत होते. शेत आलं तेव्हा काच खाली करून बाहेर बघायला लागले. फ्लॉवरचे गड्डे काढायचे राहून गेलेले, पिवळे पडून फुटलेले. शेडमध्ये टीव्हीवर गोणपाट टाकलेलं, कॉफीची किटली धुऊन पालथी घातलेली. नाना त्या किटलीकडे बघत उभे राहिले. क्लाराची गाडी आली, ती आत आली आणि तिने तोंड उघडायच्या आधीच नानांनी विचारलं, "कवा?" तिला तो शब्द येत नसणार. तरी ती म्हणाली, "मार्च."

नाना खुर्चीत बसले, स्वतःच्याच. बराच वेळ मफलरची गाठ सोडवत राहिले, ती सुटेना, ती मी सोडवली. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅचचा निकाल सांगू नगा म्हनलो हुतो. मानसाचा न्हवं." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "पाव्हण्याच्या मातीला मी न्हवतो. व्याही असून." क्लारा त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडत होती, दोन-अडीच महिन्यांचं साठलेलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बघितल्या का त्यांनी?" ते मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, नाही. जाण्याआधीच्या दोन मॅचेस झाल्या होत्या, त्यातली एक त्यांच्या टीमने जिंकली होती, मिलानच्या बड्या टीमविरुद्ध, आणि गावाकडून चुलतभावाचा फोन आला तेव्हा रोक्कोंनी त्याला एक शब्द बोलू दिला नाही. "नाना नॉट हियर" म्हणून फोन ठेवला. बोलता बोलता एका मॅचचा निकाल आपण सांगून बसलो हे क्लाराच्या मागाहून लक्षात आलं. नाना तिला काही म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "म्हंजे माझ्यापायी ऱ्हायलं त्याचं." मी भडंगाचा डबा उचलला आणि गाडीत नेऊन ठेवला.

उरलेल्या मॅचेस त्यांनी बघितल्या नाहीत. टीम टिकली की गेली हेही कुणाला विचारलं नाही. अभिजितने त्या संध्याकाळी त्यांचे पाय धरले. "उठ," म्हणाले, "तू माझ्या जिवासाठीच केलंस." रागावले नाहीत, बोलणं टाकलं नाही. फक्त त्या दिवसापासून अभिजितने काहीही सांगितलं की एवढंच विचारायचे, "खरं का?" नाना, पाणी तापलंय. "खरं का?" नाना, कोल्हापूरहून आत्याचा फोन होता, सगळे बरे आहेत. "खरं का?" मग स्वतः आत्याला व्हिडिओ कॉल लावून एकेकाचं तोंड बघायचे. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर अभिजितला सोपं गेलं असतं. तो पोरगा माझ्या किचनमध्ये येऊन बसायचा आणि चहा तसाच गार व्हायचा.

सप्टेंबरमध्ये नाना पुन्हा दवाखान्यात गेले, आणि या खेपेला परत येणार नव्हते. त्यांना ते माहीत होतं, कारण क्लाराने त्यांना सांगितलं होतं, त्यांच्या पलंगावर बसून, हात हातात घेऊन. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं तिथे होतो. खिडकीतून ऊन येत होतं. नानांनी डोळे उघडले आणि विचारलं, "टीम टिकली का?"

क्लारा पुढे झाली. नानांनी उजवा हात वर केला, सोमवारी सकाळी रस्त्यात करायचे तसा. "तू न्हवं. त्यो सांगंल."

अभिजित पलंगाशी आला. "टिकली, नाना," तो म्हणाला. "अगदी शेवटच्या मॅचला गोल झाला. टिकली." आणि हे खरं होतं. देवाशपथ खरं होतं, मी स्वतः पाहिलंय. आम्ही तिघंही त्यांच्या त्या दोन शब्दांची वाट बघत उभे राहिलो. अभिजितने फोन काढून हातात धरला होता, ते विचारतील तर दाखवायला.

नानांनी विचारलं नाही. त्याच्याकडे नीट पाहिलं, "बरं झालं" म्हणाले, आणि डोळे मिटले. संध्याकाळी गेले.

त्यांना पटलं म्हणून त्यांनी विचारलं नाही, की आता विचारून काय उपयोग म्हणून, हे मला कळलेलं नाही. अभिजित अजून येतो, बहुतेक सोमवारी, आणि किचनच्या त्याच स्टुलावर बसतो. परवाही त्याने विचारलं, "तू तिथे होतीस. तुला काय वाटतं, त्यांना पटलं असेल?"

"पटलं," मी म्हटलं.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"खरं का?"