नानासो मास्तरांची अर्धी गिरकी

नानासो खोत हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्याचं त्याला काही वाटलं नसतं. ज्यांच्या मताला किंमत द्यावी अशा माणसांत तो मला धरतच नव्हता. तशी त्या माणसांत गर्दी नव्हती. एक तो स्वतः होता, आणि दुसरे पुण्याचे त्याचे प्रोफेसर. ते वारले होते.

सेहेचाळीस साली आमची नाटक कंपनी सांगलीत मोडली. बोलपटांनी पब्लिक नेलं, आणि उरलेल्या पब्लिकला बाईच्या भूमिकेत खरी बाई हवी होती. मी तर मिशा काढून राण्या करणारा जोतीराम. मालक पडदे विकायला म्हणून कोल्हापूरला गेले ते परत आले नाहीत. माझ्या वाटणीला पोशाखांची एक पेटी आली. ती घेऊन मी हरणाबाईंच्या घरात एक खोली धरली. समोरच्या खोलीत हे नानासो मास्तर.

बी.एस्सी. झालेला, नाकासमोर बघून चालणारा, चालताना धोतराचा सोगा असा धरायचा की जणू सगळी सांगली चिखलाची आहे. विश्रामबागेच्या कॉलेजातली पोरं त्याच्याकडे शिकवणीला यायची आणि झोपायची. मी अंगणापलीकडून बघायचो. इतकी वर्षं मी पब्लिक बघितलंय. तिसऱ्या अंकात डुलकी लागणारी माणसं मला माहीत आहेत, पण नांदी सुरू असताना घोरणारी मी तिथंच पाहिली. मास्तरला त्याचं दुःख नव्हतं. उलट पोरगं झोपलं की त्याच्या चेहऱ्यावर समाधान यायचं. झोपलं म्हणजे कळलं नाही, कळलं नाही म्हणजे विषय मोठा, आणि विषय मोठा म्हणजे मास्तर मोठा.

मला तो ‘राणीसाहेब’ म्हणायचा. प्रेमानं नव्हे.

त्याचं घर इस्लामपूरजवळ बोरगावला. उसाची जमीन, थोरला भाऊ पलटणीत. बापानं पोराला शिकवलं, पण शिकून दोन वर्षं झाली तरी नोकरी नव्हती. श्रावणात म्हातारा सांगलीला आला आणि हरणाबाईंच्या अंगणात, आम्हा सगळ्यांसमोर बोलला, “दसऱ्यापातूर नोकरी लागली तर तू मास्तर. न्हाईतर चरकावर बैल हाकायला चल. लय झालं तुजं.”

चरक म्हणजे ऊस गाळायचं यंत्र. मधे लाकडी रूळ, त्यांना जोडलेली लांब दांडी, आणि ती ओढत गोल गोल फिरणारे बैल. बैलांमागून माणूसही गोल गोल. मास्तरचा चेहरा त्या दिवशी पांढरा पडला होता. ज्यांच्याकडे तो आयुष्यभर नाक वर करून बघत आला त्यांच्यात जाऊन त्याला उभं राहायचं होतं.

तेवढ्यात इस्लामपूरला एक नवं हायस्कूल निघत असल्याची बातमी आली. गणिताचा मास्तर हवा होता. दोनच उमेदवार बोलावले होते. दोघांनी कमिटीपुढे, पोरांपुढे एकेक पाठ द्यायचा. अध्यक्ष होते सुभेदार लालासाहेब, इटलीच्या लढाईतून नुकतेच परत आलेले. जायच्या आदल्या दिवशी मास्तर माझ्या दारात उभा.

“राणीसाहेब, तुमच्या पेटीत एखादा काळा कोट आहे का? माझा कोपरावर फाटलाय.”

बॅरिस्टरचा कोट होता. मी म्हणालो, “देतो. पण उद्या तिथं काय बोलणार ते आज मला ऐकवा. माझा कोट कुठल्याही नाटकात जात नाही.”

“तुम्हाला काय कळणार?”

“मला कळलं नाही तर सुभेदाराला कुठून कळणार?”

“कळू नये हेच तर हवंय!” तो म्हणाला. “शाळेत कधी शिकवत नाहीत असा विषय मी मुद्दाम घेतलाय. काल्पनिक संख्या. कुणाला कळणार नाही, म्हणजे कुणी चूक काढणार नाही.”

असा हा गुरुवर्य! पण कोट हवा होता, म्हणून अंगणात उभा राहून त्यानं सुरुवात केली. “ऋण एकाचं वर्गमूळ. म्हणजे अशी संख्या, जिला तिनंच गुणलं की ऋण एक येतो. धन संख्या घ्या. धन गुणिले धन, धन. ऋण घ्या. ऋण गुणिले ऋण, तरी धनच. तेव्हा अशी संख्या नाही.”

“नाही, तर मग पडदा पाडा.”

“तसं नाही. ती आहे असं मानायचं.”

“कुणी मानलं?”

“मोठ्या माणसांनी.”

“आणि ऋण गुणिले ऋण धन का?”

“नियम आहे.”

हरणाबाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आवं मास्तर, माजा दादला बी असाच हुता. हाय म्हनून मानायचा. दिसायचा कवाच न्हाई.”

मला हसू आलं, आणि रागही आला. काल्पनिक म्हणजे नसलेलं, असं हा माणूस नाक मुरडून म्हणत होता. मी पंचवीस वर्षं काल्पनिक बाई होतो. माझ्यासाठी पब्लिक जे रडलं ते पाणी खरं होतं. पण असल्या माणसाशी वाद कोण घालणार? तो फळ्यावर लिहिल्यासारखा हवेत बोटं नाचवत राहिला, आणि मी कंटाळून पायांना सवय राहावी म्हणून गिरकी घोळवू लागलो.

ही गिरकी समजून घ्या. नऊवारी जरीचं लुगडं नेसून एका झटक्यात मागं वळलं की निऱ्या पायात येतात. म्हणून आमचे तालीम मास्तर वळण दोन सारख्या तुकड्यांत शिकवायचे. पहिल्या तुकड्यात पब्लिककडचं तोंड विंगेकडं. तसंच तेवढंच आणखी वळलं की पाठ पब्लिककडं. आणि पाठ झाली रे झाली की तिथं थांबायचं नाही, पुढचं वळण घ्यायचं. पब्लिकला पाठ दाखवणं हे आमच्या कंपनीत पाप होतं.

मी दोन तुकडे केले असतील नसतील, मास्तर ओरडला, “थांब! थांब गड्या! परत कर रं त्ये!”

त्याच्या तोंडून गावची भाषा मी प्रथमच ऐकली. मी परत केलं.

“एकदम का वळला न्हाईस?”

“निऱ्या अडकतात.”

तो माझ्या खांद्यांना धरून मला मातीत उभा करत होता, देव्हाऱ्यात मूर्ती बसवावी तसा. “पब्लिककडं तोंड म्हणजे धन एक. पाठ म्हणजे ऋण एक. ऋणानं गुणायचं म्हणजे नुसती पाठ फिरवायची! दोनदा पाठ फिरवली की तोंड परत पब्लिककडं. म्हणून ऋण गुणिले ऋण धन! नियम कसला डोंबलाचा, दिसतंय की! आता सांग, अशी कुठली फिरत, जी एकदा केली, तीच परत केली, की पाठ होते?”

“विंगेकडची,” मी म्हणालो.

“विंगेकडची! तीच ती संख्या! आम्ही ती पुढं शोधली, मागं शोधली, आणि मिळत नाही म्हणून काल्पनिक म्हणालो. ती त्या रेषेवर नाहीच. ती बाजूला उभी आहे!” मग त्यानं विचारलं, “सिंहासन कुठं ठेवायचं ते गड्याला कसं सांगता?”

“तीन पावलं पुढं, चार पावलं विंगेकडं.”

“तीन अधिक चार काल्पनिक. संमिश्र संख्या. दोन्ही सांगितल्याशिवाय जागा कळतच नाही...” त्यानं माझे खांदे सोडले. “कॉलेजात सगळं पाठ केलं मी. दिसलं आज.”

खरं सांगतो, त्या क्षणी तो माणूस देखणा दिसला. मी मनात त्याला सगळं माफ केलं. पण ती माफी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. कोट घालून बघताना तो म्हणाला, “हे तिथं सांगायचं नाही.”

“का?”

“पोरखेळ आहे. कुणालाही कळेल.”

मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी मीही इस्लामपूरला गेलो. कोटाच्या काळजीनं, असं मी हरणाबाईंना सांगितलं. कोळशावरची सर्व्हिस मोटार दर चढावर धापा टाकत होती, आणि मास्तर खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत इंग्रजी पुटपुटत होता.

शाळा एका गोदामात भरायची. पुढं खुर्च्यांवर कमिटी, मधे बाकांवर पोरं, मागं गाव. मास्तरनं सुरुवात केली ती थेट ऋण एकाच्या वर्गमुळापासून. अगम्य शब्द, तोंड फळ्याकडं. पोरांच्या माना हळूहळू खाली गेल्या. वळून ते बघताना मास्तरचा चेहरा खुलायला लागला. आणि सुभेदारांनी काठी आपटली.

“मास्तर, ही संख्या हाय का न्हाई?”

“नाही. पण मानायची.”

“न्हाई ती मानायची? पलटणीत असं चालत न्हाई. हाय तर दाव. न्हाई तर दुसऱ्या गड्याला बोलू दे.”

गाव हसलं. कुणीतरी मागून ओरडलं, “खोताचं पोरगं हाय ते! चरक बरा त्येला!”

मास्तरच्या हातातला खडू थांबला. त्यानं मागं बघितलं, सगळ्यांत मागं, माझ्याकडं. मी बाकावर बसल्याबसल्या खिडकीकडं वळलो, तेवढंच.

त्यानं खडू ठेवला. बॅरिस्टरच्या कोटाची बटणं सोडली आणि सरळ सुभेदारांसमोर येऊन उभा राहिला. “माझं तोंड तुमच्याकडं. हा धन एक.” मग वळून खिडकीकडं तोंड केलं. आणि आणखी तेवढाच वळला. सुभेदारांकडं पाठ. एवढ्या मोठ्या माणसाला कुणी पाठ दाखवली नसेल.

“सुभेदारसाहेब,” तो भिंतीकडं बघत म्हणाला, “मी आता जसा उलटा वळलोय, तसं पलटणीत एका हुकमात वळतात. काय म्हणतात?”

“पिच्छे मूड.”

“तो ऋण एक. आणि मी तो कसा केला?”

सुभेदारांचे डोळे बारीक झाले. “दहिने मूड... आन परत दहिने मूड.” ते काठी टाकून उठले. गुडघे कुरकुरत होते, पण टाच खाडकन वाजली. एकदा वळले, दोनदा वळले, कमिटीकडं पाठ करून थांबले. “बरोबर हाय की रं! आन बाएं मूड दोन डाव केलं तर? तवा बी पाठच!”

“होय! म्हणून वर्गमुळं दोन!” मास्तर ओरडला. “एक उजवीकडचं, एक डावीकडचं!”

पोरं उठली. बाकं सरकली. गोदामभर दहिने मूड, बाएं मूड. मागचं गावसुद्धा फिरत होतं. मी आयुष्यात पुष्कळ वन्समोअर घेतले, असा एकही घेतला नाही. मी टाळ्या वाजवत होतो आणि डोळे पुसत होतो.

सुभेदार खुर्चीत बसले. घाम पुसला. शेजारच्या सभासदाकडं झुकून म्हणाले, “एवढंच व्हय?”

“मला बी कळलं,” सभासद म्हणाला. “मला! चौथी नापासाला.”

“ह्ये आमच्या रंगरुटाला येतंय. ह्याला बी.एस्सी. कशाला लागतंय?”

दुसरा उमेदवार साताऱ्याकडचा होता. त्यानं फळा इंग्रजीनं भरला, पुसला, परत भरला, आणि घशातल्या घशात बोलला. कुणी काही विचारलं नाही. सुभेदार शेवटपर्यंत मान डोलवत होते. “मानूस लय खोल हाय,” ते म्हणाले. “एक अक्षर कळलं न्हाई.” नोकरी त्याला मिळाली.

परतीच्या मोटारीत मास्तर एकच वाक्य बोलला. “तुमच्या नादाला लागलो म्हणून गेली.”

त्याचा मला संताप आला, आणि त्या गोदामाचा त्याहून जास्त. माणसांबद्दल त्याचं जे मत होतं, जे ऐकून मला किळस यायची, ते त्या गोदामातल्या खुर्च्यांनी अक्षरशः खरं करून दाखवलं होतं. त्या खुर्च्यांवर मी आजही थुंकेन. स्वतःला कळलं की ते हलकं, आणि कळलं नाही त्याच्या गळ्यात हार. आमच्या धंद्यातही असलं पब्लिक यायचं, पण निदान ते तिकीट काढायचं.

दसऱ्याला म्हातारा आला आणि मास्तरला घेऊन गेला. कोटही गेला.

थंडीत मी कोट मागायला बोरगावला गेलो. चरक चालू होता, रस काहिलीत उकळत होता. मास्तर बैलांमागं होता, नाक तसंच वर. पण दांडीच्या वाटेकडेला चार पोरं बसली होती, आणि बैल चक्कराच्या चौथाईवर आले की तो त्यांना थांबवून ओरडत होता, “गाढवांनो, आता तोंड कुठं? सांगा!”

“ही कोण?” मी विचारलं.

“हायस्कुलातली. त्यांच्या मास्तराचं काही कळत नाही म्हणून येतात. तो मधला सुभेदाराचा.”

“सुभेदाराचा? आणि नोकरी?”

“नोकरी खोल माणसाला देतात,” तो म्हणाला. “शिकायला इकडं येतात.” मग म्हणाला, “कोटावर रस सांडलाय. बैल नीट वळत नाहीत, पोरांना दिसत नाही. तेवढं करून दाखवा.”

उपकार मानणं नाही, बसा म्हणणं नाही. मला तिथून तडक निघायचं होतं. पण ती पोरं बघत होती, आणि पब्लिक बघत असलं की माझे पाय ऐकत नाहीत. मी चपला काढल्या. त्यांच्याकडं तोंड. मग उसाच्या फडाकडं. मग आणखी तेवढंच. आणि आयुष्यात पहिल्यांदा पब्लिकला पाठ करून तसाच उभा राहिलो. मागं चौघं एकदम काहीतरी बोलली. त्यांना दिसलं होतं.

“हात खाली,” मास्तर म्हणाला. “नाटकी नको.”