कोपर बुडवणाऱ्या बाई

इंद्रलोक भागातल्या दुकानात शोभेचे मासे विकणाऱ्या त्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही. पिशवीत मासे सोडण्याआधी त्या पाण्यात कोपर बुडवून बघतात, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं.

त्यांच्याकडून आणलेले डझनभर चिमुकले, चमकणारे निऑन मासे मी घाईत थेट एसीच्या खोलीतल्या गार टँकमध्ये ओतले. दुकानात एकत्र वळणारा तो थवा पाण्यात पडताच फुटला. एकेक मासा वेगळ्या कोपऱ्यात जाऊन थिजला. दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच गेलो.

"खराब मासे दिलेत. बदलून द्या."

"पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवली होती?"

"एवढा वेळ कोणाला आहे?"

"मग मासे मिळणार नाहीत."

"दुसरीकडून घेईन!"

"खुशाल घ्या. एकदम गार पाणी लागलं की ते आधी एकमेकांना सोडतात, मग जीव. माझे मासे असे एकटे मरायला देणार नाही मी."

तणतणत दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे हवे तेवढे मिळत होते, कोणी काही विचारतही नव्हतं. मी रिकाम्या हाताने परत आलो.

"आता काय?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

मी ऑफिसच्या शर्टाची बाही दुमडली आणि त्यांच्यासमोर पाण्यात कोपर बुडवलं.